परत मागितलेलं वाण

"मका आन ज्वारीचं लगीन लावलं म्हन्ती! पत्रिका कुनी जुळवली गं? मानपान कुनी केला? आन वऱ्हाड कुठनं निघालं, तळवड्यातनं?"

सरूबाईनं भाकर थापता थापता नातीला विचारलं आणि ती तव्यावर अशी आपटली, की तव्यानंही मनात म्हटलं असेल, माझं काय चुकलं?

तनुजा चुलीपाशी गुडघे मुडपून बसली होती. तळवड्याच्या एका बियाणं कंपनीत ती दोन वर्षं प्रयोगशाळेत होती. शिकलेली, शांत, आणि आजीच्या तोंडाला पुरून उरणारी घरातली एकटीच.

"लग्न नाही गं आजी. मक्यातला एक गुण तेवढा ज्वारीच्या दाण्यात आणलाय. त्यानं दाणा पिवळा होतो. गाजरात असतं ना, तसलं जीवनसत्त्व त्यात उतरतं."

"येकच गुन? सून आनली तर तिचा येकच गुन घरात येतो व्हय? सगळी सून येती, आन मागनं तिची आय बी येती."

"तुजी आय आली व्हती," ओसरीवर तंबाखू मळत गेनू म्हणाला, "म्हैनाभर गेलीच न्हाई."

गेनू म्हणजे सरूबाईचा नवरा. दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, आणि चारही बायकोला लागायची.

आता सरूबाईच्या शेताची हकीकत सांगायला हवी. चाकणच्या अलीकडं सांडभोरांची वस्ती, आणि वस्तीला चिकटून तिचं दीड एकर. बाकीच्यांनी जमिनी कधीच कंपन्यांना दिल्या. एका अंगाला मोटारींचे दरवाजे ठोकणारी कंपनी, दुसऱ्या अंगाला गोदाम, तिसरीकडं भाड्याच्या खोल्या आणि समोर कंटेनरच्या रांगा. पूर्वी चार बांधांवर भावकीशी चार भांडणं असायची. आता बांधावर भांडायचं तर सिक्युरिटीवाल्याकडं पास काढावा लागतो! म्हणून सरूबाई घरातच भांडायची.

या दीड एकरात ती दरसाल शाळू पेरायची. रब्बीची पांढरीशुभ्र, मोत्यासारखी ज्वारी. तिची भाकर चांदण्यात ठेवली तर हुडकावी लागेल, असं ती स्वतःच सांगायची. दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायची तिला सवय नव्हती.

"ह्या भाकरीवर पोसलेली नजर हाय माजी," हे तिचं ठरलेलं. "सत्तरी गेली, चष्मा न्हाई. हितं बसून म्होरल्या वस्तीवरच्या शेरडाचं शिंग मोडलेलं दिसतं मला. घारीची नजर हाय."

तेव्हा तिच्या नजरेसमोर पिवळी ज्वारी म्हणजे शिवीच. रंगीत ज्वारी तिनं एकदाच खाल्ली होती, बाहत्तरच्या दुष्काळात. नवी नवरी होती. रेशनवर परदेशातली लाल मिलो आली होती. तिची भाकर तुटता तुटेना, आणि तुटली तर गिळेना. तेव्हापासून तिचा हिशेब पक्का झाला होता. पांढरी भाकर ती घरची, रंगीत भाकर ती दुष्काळाची.

"आमच्या रानात मिलो आनायची न्हाई," तिनं निकाल दिला.

"मिलो नाही आजी. आणि खायची नाहीच मुळी. नुसती वाढवून बघायची. अजून ती कुणाच्या पोटात जायची परवानगी नाही. एक दाणासुद्धा बाहेर गेला, तर सगळं बंद."

"मग हितंच का? जग काय ओस पडलं?"

"सरकारी परवानगीला अशी जागा लागते, जिच्या आसपास अर्ध्या किलोमीटरात ज्वारीचं एक ताट नसेल. परागकण इकडचे तिकडं जाऊ नयेत म्हणून. अख्ख्या पट्ट्यात अशी जागा शोधली, तर आपलंच रान निघालं. चहूकडं नुसत्या कंपन्या."

चुलीतलं लाकूड तडकलं. सरूबाईला हसावं की रडावं ते कळेना. ज्या ओसाडीला ती दहा वर्षं शिव्या देत होती, तीच नातीच्या कामाला आली होती.

"ही चाचणी नीट झाली तर नोकरी कायम होईल माझी," तनुजा हळूच म्हणाली. "नाही तर घरी."

म्हातारी विरघळली. नातीसाठी विरघळली असं ती गावात सांगायची. खरं सांगायचं तर मोठमोठे साहेब गाडीतून उतरून आपल्या बांधावर येणार, आणि सरपंच सुमनताई ते बघणार, या विचारानं निम्मी विरघळली होती.

"बरं. लावा म्हनं. बांधाकडंच्या चार सऱ्या मातर माज्या शाळूला."

"आजी! तेच तर नाही चालणार. यंदा तुझा शाळू नाही."

"माजा शाळू न्हाई? मग संक्रातीला सुगडात काय घालू? गोरखच्या कंपनीतला नट-बोल्ट?"

गोरख म्हणजे तनुजाचा बाप. तो शिफ्टला निघाला होता. पायात बूट घालत म्हणाला, "आये, घालून बघ. गंजत न्हाई, किडत न्हाई."

पण सरूबाई हसण्यावर नेणारी नव्हती. संक्रांतीला भैरोबाच्या ओट्यावर मानाच्या पाच सुवासिनींच्या सुगडात शाळूचं कणीस पडायचं, ते सांडभोरांच्या घरचं. बाकी बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे चाकणच्या बाजारातून आले तरी देवाला चालायचं. कणीस मात्र सरूबाईच्या हातचं. सासूनं मरताना हा मान थोरल्या सुनेला डावलून धाकटीला, म्हणजे सरूबाईला दिला होता. थोरली सुभद्राबाई तेव्हाच मोशीला राहायला गेलेली, म्हणून, असं सगळे सांगायचे. त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं म्हणजे तिळगुळापुरतं, तेही तीळ मोजून.

"कणसं बाजारातून आणू," तनुजा म्हणाली.

"बाजारातनं!" सरूबाई म्हणाली. तिनं दुसऱ्या कुठल्या बाईचं नाव नवऱ्याच्या तोंडून ऐकलं असतं, तरी आवाज इतका चढला नसता.

तरीही शेवटी तिनं करारावर अंगठा उठवला. सही येत होती, पण अंगठा उठवला की पुढं "मला वाचता कुठं येतं" म्हणायची सोय राहते.

*

दसरा झाला. खाली रानात पिवळ्या ज्वारीची पेरणी झाली. तारेचं कुंपण आलं, पाटी आली, राखणीला माणूस आला. साहेब गाडीतून उतरले ते सुमनताईनं बघितलं, आणि ते तिनं बघितलं हे सरूबाईनं बघितलं.

आणि त्याच आठवड्यात म्हातारी नवऱ्याला घेऊन गच्चीवर चढली.

गोरखनं कंपनीच्या भंगारातले निळे ड्रम आणले होते, पाणी साठवायला. सरूबाईनं त्यातले दोन मधोमध कापून घेतले. गेनूनं पाटी पाटी माती वर वाहिली. दम खात म्हणाला, "पोरगी नगं म्हनली व्हती."

"रानात नगं म्हनली. हे रान हाय का? सिमिट हाय. गच्ची हाय. मी शब्दाची पक्की हाय."

"व्हय. शब्दाची पक्की, अर्थाची कच्ची."

"माती वता गप."

सरूबाईच्या खोल्यांतल्या भाडेकरूंचे युनिफॉर्म गच्चीवर वाळत असायचे. त्यांच्या आडोशाला शाळू उगवला, गुडघ्याला आला, कमरेला आला. निळ्या शर्टांच्या मागं उभी हिरवी ताटं बघून वाटावं, शिफ्ट सुटायची वाट बघतायत. तनुजा रोज सकाळी खाली रानात जायची, बियाण्याच्या कणसांना कागदाच्या टोप्या घालायची, पानं मोजायची, माती तपासायची. तिचं सगळं ध्यान खाली. मान वर करायला तिला सवड नव्हती आणि म्हातारीला तेवढंच पाहिजे होतं.

मार्गशीर्षात थंडी पडली. खालची ज्वारी फुलोऱ्यात आली, आणि त्याच आठवड्यात वरचीही. मोटारीच्या कंपनीच्या भिंतीला धडकून वारा वळायचा, रानावरून घोंगावत यायचा आणि तसाच गच्चीवर चढायचा. युनिफॉर्म फडफडायचे, ताटं डुलायची, आणि सरूबाई कौतुकानं बघत राहायची. करारावर तिचा अंगठा होता, साहेबांच्या सह्या होत्या. वाऱ्याचा अंगठा घ्यायचं राहून गेलं होतं.

*

संक्रांतीच्या सकाळी तिनं पाच कणसं कापली. टपोरी, भरलेली. पदराखाली धरून खाली आणली. तनुजा न्हाणीतून आली तेव्हा म्हातारी सुगडाला हळदीकुंकू लावत होती.

"कुठली कणसं, आजी?"

आयुष्यातला सर्वांत कडू शब्द तिला त्या दिवशी नातीपुढं उच्चारावा लागला.

"बाजारातली."

"बघ, मिळाली ना?" म्हणत तनुजा रानाकडं गेली.

ओट्यावर मात्र म्हातारी वेगळंच बोलत होती. "घरचा हाय शाळू, घरचा! रान दिलं म्हनून मान दिला न्हाई आमी."

मानाच्या पाच सुवासिनी, असं म्हणायचं. आता मूळच्या घरांतल्या दोनच उरल्या होत्या. एक सरपंच सुमनताई, दुसरी मोशीहून बसनं आलेली थोरली जाऊ सुभद्राबाई. तिसरी शेळ्या पाळणाऱ्या रोहिदासची बायको, दोन वर्षांपूर्वी वस्तीत आलेली. चौथी प्राजक्ता, पलीकडच्या सोसायटीतली, लॅपटॉपवर नोकरी करणारी. पाचवी करिष्मा, सरूबाईचीच भाडेकरू, लातूरकडची, नवरा कंपनीत कंत्राटावर. मानाला माणसं कमी पडली की भाड्यानं आणावी लागतात, असं सुमनताई एकदा म्हणाली होती. सरूबाईनं ते अजून सोडलं नव्हतं.

सुभद्राबाईनं सुगडातलं कणीस वर उचललं. डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला.

"सरू, तुज्या कनसाला कावीळ झाली का गं?"

"तुमच्या चष्म्याला झाली आसंल, आक्का."

"पांढऱ्यात दोनचार दाने पिवळे हायत. हे बघ."

घारीच्या नजरेनं कणसाकडं बघितलं. तिला सगळं कणीस पांढरंच दिसलं.

"मोशीचं पानी पिऊन नजर गेली तुमची," म्हणून तिनं सुभद्राबाईच्या कपाळाला कुंकू लावलं. सुभद्राबाईनं सुगड पिशवीत ठेवलं आणि बस गाठायला गेली.

दुपारी तनुजा देवाला आली. ओट्याच्या पायरीवर करिष्मा बसली होती, मांडीवर सुगड. तनुजानं सहज आत बघितलं आणि कणीस हातात घेतलं. पांढऱ्यात पिवळे दाणे होते. ती खाली बसली.

"आजी, हे कणीस कुठलं?"

"सांगितलं की. बाजारातलं."

"काय म्हनायलाव मावशी?" करिष्मा भोळेपणानं म्हणाली. "घरचं हाय म्हनलाव की सकाळी."

तनुजानं कणसातला एक दाणा नखानं टोकरला. "आजी, असला दाणा कुठल्याच बाजारात नाही. हा दाणा फक्त आपल्या कुंपणाच्या आत आहे. इथं कसा आला?"

सरूबाईला शिव्या पचायच्या, टोमणे पचायचे, सुमनताईचं हसणंसुद्धा पचायचं. पण नातीनं आवाज न चढवता विचारलेलं पचेना. तिनं गच्चीकडं बोट केलं.

म्हातारीला मागं घेऊन तनुजा घरी आली आणि जिना चढून गेली. शर्ट बाजूला सारले. ड्रम बघितले. खाली आली ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"शिव्या दे की गं," म्हातारी म्हणाली.

"मला साहेबांना फोन करायला लागेल."

"लपवलं तर? कुनाला कळनार हाय?"

"मला." तनुजानं डोळे पुसले. "मी लपवणार नाही. पण फोन करायच्या आधी पाचही कणसं माझ्या हातात पाहिजेत. अखंड. कुणी हुरडा भाजला, कुणी पाखराला घातलं, तर चाचणी संपली. दोन वर्षं गेली, मीपण गेले. मी जाते घरोघर मागायला."

"तू?" सरूबाई ताठ झाली. "मानाच्या बाया तुज्या हातात वान परत देतील? मी दिलंय. मीच मागनार."

बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो. दिलेलं वाण परत मागायचं! वस्तीत लोकांनी लग्नं मोडली होती, जमिनी मोडल्या होत्या, एकानं तर शपथ घेऊन भावाचं नातं मोडलं होतं. पण संक्रांतीचं वाण परत मागणारी बाई भैरोबानंही बघितली नव्हती.

*

करिष्मानं लगेच दिलं. "घ्या मावशी. सुगड बी परत देऊ का? तुमचंच मडकं हाय."

तिच्या मनात खोट नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

रोहिदासच्या बायकोनं सुगड अंगणात ठेवलं होतं आणि शेळी मोकळी होती. सरूबाई पोचली तेव्हा कणसाचा दांडा शेळीच्या तोंडात आणि कणीस बाहेर. म्हातारीनं पदर खोचला. एका बाजूनं सांडभोरांची अब्रू, दुसऱ्या बाजूनं शेळी. दोघीही सोडेनात. आजूबाजूची पोरंबाळं गोळा झाली. एकानं मोबाइल काढला. शेवटी शेळीनंच शहाणपणा दाखवून दांडा तोडून घेतला आणि म्हातारी कणीस छातीशी धरून मागं बसली, ती थेट शेणात.

"दाणा खाल्ला नाही ना?" तनुजानं कणीस फिरवून बघितलं. अखंड होतं. म्हातारीला कुठं लागलं का, ते तिनं नंतर विचारलं. सरूबाईनं ते मनात धरलं, पण त्या दिवशी धरायला जागाच राहिली नव्हती.

सोसायटीत प्राजक्तानं दार उघडलं. तिनं सुगडाचा फोटो काढून स्टेटसला टाकला होता. "काकू, परत? का हो? ऑरगॅनिक नाहीये का?"

"लईच आरग्यानिक झालंय," सरूबाई म्हणाली आणि कणीस घेऊन वळली.

सुमनताईनं मात्र सोडलं नाही. ओसरीवर झोपाळ्यावर बसून, पाय हलवत, तिनं सगळं सविस्तर ऐकलं. मग म्हणाली, "मी ग्रामसभेत गटाराचा शब्द दिला आन मागं घेतला, तवा चावडीवर कोन बोंबललं व्हतं गं? दिलेला शब्द मागं घेनारीची जीभ झडती, कोन म्हनलं व्हतं?"

"मी."

"मग? जीभ हाय का जाग्यावर?"

"हाय," सरूबाई म्हणाली. "पर आज ती गिळून आलीया. दे ताई."

सुमनताईचा झोपाळा थांबला. सरूबाईच्या तोंडून "ताई" तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं आत जाऊन कणीस आणून दिलं, वर तिळाचा लाडूही ठेवला. आणि लाडू ठेवला तेच वाईट झालं. टोमण्याला उत्तर देता येतं, लाडवाला काय देणार?

चार झाली. राहिली मोशी.

*

तनुजाच्या स्कूटीवर मागं बसून, नाशिक रस्त्याच्या धुरात, कंटेनरच्या चाकांकडं बघत सरूबाई मोशीला निघाली. रस्ताभर देवाला विनवत होती. कणीस मिळू दे, असंही म्हणाली आणि आक्का घरी नसू दे, असंही म्हणाली. देवानं यातलं कुठलं ऐकायचं?

आक्का घरी होती. सातव्या मजल्यावर. नानासाहेब, म्हणजे थोरले दीर, टीव्हीपुढं डुलक्या घेत होते. सुगड देवापुढं होतं, कणीस त्यात तसंच.

सरूबाईनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. सुभद्राबाई ऐकत राहिली. मग खुर्ची पुढं ओढली.

"बस. पानी घे. सकाळी माजी नजर गेली व्हती, आता परत आली म्हनायची."

"आक्का, कनीस द्या. अंधार पडायच्या आत जायचंय."

"थांब की. मला आधी समजू दे." ती तनुजाकडं वळली. "पोरी, ह्या पिवळ्या दान्याचा उपेग काय?"

"मोठ्या आजी, काही घरांत नुसती भाकर असते. दूध नाही, भाजीपाला नाही, फळ नाही. मग पोरांच्या, बाळंतिणींच्या डोळ्यांवर येतं. दिवस मावळला की दिसेनासं होतं—"

"रातांधळं?"

"हो. हा दाणा मान्य झाला, तर भाकरीतूनच—"

सुभद्राबाई हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

"आक्का, कनीस," सरूबाई घाईनं म्हणाली.

"तुला हिनं सांगितलं न्हाई व्हय गं? घारीच्या नजरेनं?"

"आक्का!"

"बाहत्तरचा दुष्काळ. आमी दोगी तलावाच्या कामावर खडी फोडायला. घरात शाळू सपला, दूध न्हाई, पालेभाजीचं पान न्हाई. मिलो तेवढी. दिवस बुडला की ही माजा पदर धरायची. एकदा पदर सुटला तर भाकरीची पाटी घेऊन चरात गेली. मला म्हनली, आक्का, कुनाला सांगू नगा. नवी नवरी आंदळी निगाली म्हनतील, माघारी धाडतील."

तनुजा आजीकडं बघत होती. सरूबाई टीव्हीकडं बघत होती. टीव्ही बंद होता.

"मी न्हाई सांगितलं," सुभद्राबाई म्हणाली. "पर झालं काय, दिवेलागनीला सासरा, चुलते वाटंत बसलेले आसायचे. ही समोरनं जायची ती मान ताठ ठेवून. कुनाच्या पाया पडायची न्हाई, वळून बघायची न्हाई. सासू म्हनायची, धाकटी लई गर्विष्ठ हाय, पर करारी हाय. आगं, हिला दिसतच न्हवतं! म्होरं दवाखान्याच्या बाईनं माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या, तवा दिसाय लागलं. तवर हिचा दरारा बसला व्हता. सासूनं कनसाचा मान दिला तो त्याच दराऱ्याला."

नानासाहेब डोळे न उघडता म्हणाले, "आरं तिच्या! मला बी दोनदा ओलांडून गेली व्हती ही."

सरूबाईनं तोंड उघडलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही. गर्विष्ठ म्हटलेलं चाललं होतं, आंधळी म्हटलेलं चाललं नसतं. म्हणून तिनं ती ताठ मान तशीच ठेवली होती. गोळ्यांनी डोळे सुधारले, पण मान काही खाली आली नाही.

"द्या आता," ती शेवटी म्हणाली. आवाज नव्या नवरीचा होता.

सुभद्राबाईनं कणीस काढून तनुजाच्या हातात दिलं. मग सरूबाईकडं बघून म्हणाली, "वान परत घेतलंस, तर बदली काय तरी दे. संक्रांतीची सवाष्ण रिकामी ठेवू नये. तुज्या जुन्या शाळूचं बी आसंल की कनगीत. मूठभर धाड. माज्या गॅलरीत बी ड्रम हाय."

*

तनुजानं साहेबांना सगळं खरं सांगितलं. तपासणीचे लोक आले. पाच कणसं, गच्चीवरची ताटं, अगदी ड्रममधल्या मातीसकट सगळं त्यांच्यासमोर खड्ड्यात जाळलं. सरूबाईनं स्वतः काडी लावली. एक दाणाही बाहेर राहिला नाही, म्हणून चाचणी बंद पडली नाही. पण नोकरी कायम व्हायची ती एक वर्ष पुढं गेली. तनुजा त्यावर आजीला काही बोलली नाही. एवढी शिक्षा पुरेशी होती.

साहेबांनी एक अट मात्र घातली. पुढच्या हंगामात आसपास कुठं ज्वारीचं ताट उभं नाही ना, हे बघायला वस्तीतला जबाबदार माणूस नेमावा. सुमनताईनं ग्रामसभेत नाव सुचवलं आणि सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

तेव्हापासून म्हातारी काठी घेऊन लोकांच्या गच्च्या चढायला लागली. कुंड्या उपसायची, ड्रमात डोकवायची. "काय लपवताय, मला म्हाईत हाय कसं लपवत्यात," असं दरडावायची. ह्या बाबतीत तिच्याइतकी माहिती कुणालाच नव्हती. नाकावर चष्मा होता, तनुजानं आणलेला. गेनू म्हणायचा, "घारीला चष्मा लागला."

पुढच्या संक्रांतीला पाच कणसं मोशीहून आली. सुभद्राबाईच्या गॅलरीतली. मान थोरलीकडं गेला. वाण घ्यायलाही तिकडंच जायचं ठरलं. सरूबाई बसनं गेली, जावेपुढं पदर पसरला, कणीस घेतलं. चष्म्यातून उलटंपालटं करून बघितलं. पांढरंशुभ्र होतं.

"दाना जरा बारीक हाय तुमचा," ती म्हणाली.

"बी तुजंच हाय."

"म्हनून तर इतका तरी आलाय."

सुभद्राबाई तिला बसथांब्यावर सोडायला खाली आली. दिवस मावळला होता. रस्त्याचे दिवे अजून लागले नव्हते आणि फूटपाथ खोदून ठेवला होता. सुभद्राबाईनं चालता चालता पदराचं टोक मागं केलं.

"धर."

"मला दिसतंय की समदं."

"ठावं हाय. धर."

सरूबाईनं चष्मा सारखा केला. मागं बघितलं, पुढं बघितलं. वस्तीतलं कुणी दिसत नव्हतं, तेवढं तिला अगदी स्पष्ट दिसलं. मग तिनं पदर धरला.